न्हाव्याची खुर्ची आणि सरकारी वकिलाची खुर्ची

आज मी आपणांपुढे एका वकिलाची हकीगत मांडणार आहे. हे गृहस्थ आपल्या देशातले नव्हेत, आपल्या धर्माचे नव्हेत, आणि त्यांचे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कानी पडले असेल. त्यांचे नाव विल्यम हेन्री लुईस. गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी अमेरिकेत त्यांचा जन्म झाला. पुढे ते वकील झाले, नगरसभेत निवडून गेले, राज्याच्या कायदेमंडळात बसले, सरकारी वकील झाले, आणि सरतेशेवटी अमेरिकेच्या केंद्रीय न्यायखात्यात अशा पदावर चढले की, तोपर्यंत एकाही कृष्णवर्णीय माणसाला त्या देशाच्या कारभारात तितके उंच पद मिळालेले नव्हते.

एवढे ऐकून आपण म्हणाल की, एका मोठ्या माणसाची आरती ओवाळण्यासाठी हे वकीलसाहेब उभे राहिले आहेत. तसे नाही. या माणसाच्या हाती जेव्हा कोणतेही पद नव्हते, तेव्हा त्यांनी एक हक्क मिळविला आणि तो टिकला. त्यांच्या हाती जेव्हा सर्वांत मोठे पद होते, तेव्हा एका वकील-संघाचे साधे सभासदत्व राखताना त्यांची दमछाक झाली. हे असे का झाले, याचा विचार आपण सर्वांनी, विशेषतः ज्या घरांतील मुले आज शिकून वर येत आहेत त्या घरांनी, केला पाहिजे.

एका बापाचा प्रश्न

प्रथम माझ्या स्वतःच्या चुकीची कबुली देतो. वकिलीच्या आरंभीच्या वर्षांत एके दिवशी एक शेतमजूर बाप आपल्या मुलास घेऊन माझ्याकडे आला. मुलगा महाविद्यालयात शिकणारा. गावच्या केशकर्तनालयात तो गेला असता दुकानदाराने 'मशीन बिघडले आहे' असे सांगून त्यास परत पाठविले, आणि त्याच्या मागून आलेल्या दोघांचे केस त्याच मशीनने कापले. मुलगा रागाने थरथरत होता. बाप मात्र मला म्हणाला, "साहेब, एवढ्याशा गोष्टीसाठी कोर्टाची पायरी चढावी काय? तालुक्याला जाऊन केस कापून घेईल तो." मीही त्या दिवशी घाईत होतो. मी म्हणालो, "बाबा, तुमचे म्हणणे बरोबर आहे. पुन्हा असे झाले तर या." ते गेले, आणि पुन्हा आले नाहीत.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गावचा न्हावी आपल्या वस्तीत येत नसे. माणसे एकमेकांची डोकी भादरीत. ज्याचा हात बरा चाले तो वस्तीचा न्हावी. त्यामुळे ही गोष्ट आपणांस लहान वाटते, कारण तिची सवय झालेली आहे. लुईस यांचे चरित्र मी पुढे वाचले, तेव्हा त्या बापाला मी दिलेले उत्तर किती चुकीचे होते हे मला कळले.

गुलामाचा मुलगा

लुईस यांचा जन्म 28 नोव्हेंबर 1868 रोजी व्हर्जिनिया राज्यातील बर्कली या गावी झाला. अमेरिकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने संपली त्याला अवघी तीन वर्षे झाली होती. ज्या व्हर्जिनियात त्यांचे आईबाप वाढले, तेथे गुलामगिरीच्या काळी कृष्णवर्णीयाची साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध न्यायालयात चालत नसे. वडील सुटकेनंतर ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले. मुलाला शिकवायचेच, हा त्यांचा निर्धार होता.

पीटर्सबर्ग येथे कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या संस्थेत लुईस शिकले. तेथील प्रमुख जॉन मर्सर लँगस्टन हे स्वतः नामांकित कृष्णवर्णीय वकील होते, आणि पुढे व्हर्जिनियातून अमेरिकेच्या संसदेत गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय प्रतिनिधी ठरले. शिकलेला माणूस आपल्यातील होतकरू मुलास पुढे कसा ढकलतो, त्याचे हे उदाहरण आहे. त्यांच्या साहाय्याने लुईस उत्तरेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ॲम्हर्स्ट महाविद्यालयात गेले. काम करून शिक्षणाचा खर्च भागवीत त्यांनी 1892 साली पदवी घेतली आणि हार्वर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात प्रवेश मिळविला.

अमेरिकेत त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचे वेड फार मोठे. लुईस त्या खेळात असे निपुण होते की, 1892 आणि 1893 अशी लागोपाठ दोन वर्षे देशातील उत्तम विद्यार्थी-खेळाडूंच्या मानाच्या संघात त्यांची निवड झाली. तो मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. त्यांनी त्या खेळावर एक पुस्तकही 1896 साली प्रसिद्ध केले.

मैदानात टाळ्या, खुर्चीवर नकार

आता मुख्य प्रसंग ऐका. 1893 सालची गोष्ट. लुईस हार्वर्डचे विद्यार्थी, विद्यापीठाच्या संघाचे गाजलेले खेळाडू. ते केंब्रिज गावातील एका न्हाव्याच्या दुकानात केस कापण्यासाठी गेले. दुकानदाराने साफ नकार दिला. कारण एकच, वर्ण. ज्या हातांनी मैदानात टाळ्या वाजत होत्या, त्याच समाजाच्या हातातील कात्री त्यांच्या केसांना शिवावयास तयार नव्हती.

मॅसॅच्युसेट्स हे मागासलेले राज्य नव्हते. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीचे ते माहेरघर. सार्वजनिक ठिकाणी वर्णावरून भेद करू नये, असा कायदा त्या राज्याने 1865 सालीच केलेला होता. परंतु त्या कायद्यात परवाना असलेल्या खाणावळी-उतारशाळा, करमणुकीची ठिकाणे, वाहने आणि सभा यांचाच उल्लेख होता. न्हाव्याच्या दुकानाचा शब्द त्यात नव्हता. आणि कायद्यात शब्द नसला की, अन्याय करणारा त्या रिकाम्या जागेतून सहीसलामत निसटतो. आम्हा वकिलांना हे रोज पाहावयास मिळते.

लुईस यांना दुसरीकडे केस कापून घेता आले असते. त्यांच्यापुढे परीक्षा होत्या, सामने होते. ते त्या वेळी वकीलही झालेले नव्हते. तरी त्यांनी ती गोष्ट तेथेच सोडली नाही. त्यांनी तक्रार राज्याच्या कायदेमंडळापर्यंत नेली, आणि त्याच साली कायद्याची व्याप्ती वाढवून न्हाव्याचे दुकान त्यात घालण्यात आले. एका विद्यार्थ्याचा अपमान झाला आणि त्यातून एका राज्याचा कायदा बदलला! तो कायदा लुईस यांच्यापुरता नव्हता. ज्यांना फुटबॉल खेळता येत नव्हता, ज्यांच्यासाठी कोणी टाळी वाजवीत नव्हते, अशा हमालाला आणि मजुरालाही त्याने न्हाव्याच्या खुर्चीवर बसण्याचा हक्क दिला.

बंधू-भगिनींनो, पद आणि हक्क यांतील भेद हाच आहे. पद एकाला मिळते, हक्क सर्वांना मिळतो.

पदांची शिडी

1895 साली लुईस विधी महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडले आणि बॉस्टन येथे वकिली करू लागले. केंब्रिजच्या नगरसभेत ते 1899 पासून तीन वेळा निवडून गेले. त्यांचे मतदार बहुसंख्येने गोरे होते, हे ध्यानात घ्या. 1901 साली ते राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. ज्या कायदेमंडळाच्या दारी विद्यार्थिदशेत तक्रार घेऊन गेले, त्याच कायदेमंडळात ते सभासद म्हणून बसले. पुढच्या निवडणुकीत मात्र ते पडले.

त्यानंतर 1903 साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी त्यांना बॉस्टन येथे केंद्र सरकारचे साहाय्यक सरकारी वकील नेमले. या जागेवर आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. या नेमणुकीचा अर्थ काय, तो नीट समजून घ्या. बचावाचा वकील आपल्या पक्षकाराच्या वतीने बोलतो. सरकारी वकील उभा राहतो तेव्हा त्याच्या तोंडून राज्यसंस्था बोलते. ज्यांच्या आईबापांना कायद्याने मालमत्ता म्हणून गणले होते, तो माणूस आता न्यायालयात उठून म्हणत होता, "मी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या वतीने हजर आहे." 1907 पासून परकीयांना नागरिकत्व देण्याच्या कामाची त्या विभागातील जबाबदारी त्यांजकडे आली. युरोपातून नशीब काढण्यास आलेले गोरे लोक नागरिकत्वासाठी अर्ज घेऊन येत, आणि त्यांचे कागद तपासणारा अधिकारी असे तो गुलामांचा पुत्र.

1910 साली राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी त्यांना केंद्राचे असिस्टंट ॲटर्नी जनरल म्हणून निवडले. दक्षिणेकडील सिनेटरांनी विरोध केला. तरी 1911 साली सिनेटने नेमणुकीस मान्यता दिली.

पदाची किंमत

येथवर ऐकून आपणांस आनंद झाला असेल. परंतु मी वकील आहे. पुराव्याची दुसरी बाजूही मांडणे माझे कर्तव्य आहे.

ही मोठी पदे लुईस यांना मिळाली ती गुणांवर, यात शंका नाही. पण केवळ गुणांवर नव्हे. त्या काळी सरकारी जागा कोणा कृष्णवर्णीयास द्यावी, याबाबत राष्ट्राध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन यांचा सल्ला घेत. वॉशिंग्टन यांनी मोठी शिक्षणसंस्था उभारली हे खरे. तथापि मताधिकार आणि समान हक्क यांसाठी उघड झगडा करू नये, आधी धंदे शिकावेत, असे त्यांचे सांगणे होते. तरुणपणी लुईस या धोरणाचे कडवे टीकाकार होते. पुढे ते वॉशिंग्टन यांच्या गोटात गेले, आणि नेमणुका त्यानंतर झाल्या.

30 जुलै 1903 रोजी बॉस्टनच्या एका चर्चमध्ये वॉशिंग्टन यांची सभा झाली. अध्यक्षस्थानी लुईस होते. विल्यम मनरो ट्रॉटर हे निर्भीड संपादक, हार्वर्डचे पदवीधर आणि लुईस यांचे एके काळचे मित्र. ते वॉशिंग्टन यांना मताधिकाराविषयी जाहीर प्रश्न विचारण्यास उभे राहिले. सभेत गोंधळ माजला, पोलीस आले, आणि ट्रॉटर यांना तीस दिवसांचा तुरुंगवास झाला. दहा वर्षांपूर्वी एका न्हाव्याच्या नकारावर प्रश्न विचारणारा तरुण आता व्यासपीठावर बसला होता, आणि प्रश्न विचारणारा त्याचा मित्र तुरुंगात गेला होता.

मी लुईस यांना दोषी ठरवावयास उभा नाही. मागून आलेल्याला निवाडा देणे सोपे असते. पण कृपेने मिळालेले पद माणसाच्या जिभेवर वजन ठेवते, एवढे या प्रसंगातून आपण शिकावे. असिस्टंट ॲटर्नी जनरल म्हणून त्यांच्याकडे आलेले कामही पाहा. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी आपल्या जमिनींबद्दल सरकारवर लावलेले दावे लढविणे, आणि तेही सरकारच्या बाजूने! एका पीडित समाजाचा पुत्र दुसऱ्या पीडित समाजाच्या दाव्यासमोर सरकारी वकील म्हणून उभा राहिला. पदाच्या कागदावर माणसाचे नाव असते, पण काय काम करायचे ते नेमणारा ठरवितो.

वकिलांच्या संघातील अस्पृश्यता

आता दुसरी खुर्ची. 1911 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वकील-संघाने लुईस यांना सभासद करून घेतले. त्याच सुमारास बॉस्टनचे बटलर विल्सन आणि मिनियापोलिसचे विल्यम मॉरिस हे आणखी दोन कृष्णवर्णीय वकील सभासद झाले. हे तिघे कृष्णवर्णीय आहेत, हे निवडणाऱ्यांना ठाऊक नव्हते. ते कळताच संघाच्या कार्यकारी मंडळाने 1912 च्या आरंभी त्यांची निवड रद्द केली.

विचार करा. हा माणूस त्या वेळी देशाच्या न्यायखात्यातील अग्रगण्य अधिकाऱ्यांपैकी एक होता. सर्वोच्च न्यायालयात तो सरकारच्या वतीने उभा राहू शकत होता. पण वकिलांच्या मंडळीत बसण्यास तो अपात्र! न्हाव्याने अडविले तेव्हा त्याला अडाणी म्हणता आले असते. येथे अडविणारे सगळे कायद्याचे पंडित होते. शिक्षणाने आपोआप भेद नाहीसा होतो असे जे मानतात, त्यांनी हा प्रसंग विसरू नये.

लुईस यांनी राजीनामा देण्याचे नाकारले. ॲटर्नी जनरल जॉर्ज विकरशॅम यांनी आपल्या सहकाऱ्याची बाजू घेऊन संघाच्या सुमारे 4700 सभासदांना पत्र पाठविले. त्या वर्षीच्या अधिवेशनात तडजोड झाली. तिघांचे सभासदत्व राहिले. परंतु यापुढे गोऱ्यांनाच घेण्याचा संघाचा प्रघात आहे असे नमूद करून, प्रत्येक अर्जदाराने आपला वंश कळवावा असा ठराव झाला. म्हणजे लुईस आत राहिले आणि त्यांच्यामागचे दार बंद झाले. तो अडसर 1943 साली निघाला. मधल्या काळात, 1925 साली, कृष्णवर्णीय वकिलांनी आपला स्वतंत्र राष्ट्रीय संघ स्थापन केला.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. 1893 साली हाती पद नव्हते. कायदा बदलला आणि दार सर्वांसाठी उघडले. 1912 साली हाती मोठे पद होते. स्वतःची जागा राहिली, पण दार इतरांसाठी बंद झाले. माणूस तोच, धैर्यही तेच. पहिल्या वेळी मागणी नियमाची होती. दुसऱ्या वेळी तडजोड व्यक्तींपुरती झाली.

1913 च्या मार्चमध्ये टॅफ्ट यांची मुदत संपली आणि लुईस यांचे पदही संपले. नव्या राष्ट्राध्यक्षांच्या, विल्सन यांच्या, कारकिर्दीत केंद्रीय कचेऱ्यांतून काळ्या-गोऱ्या नोकरांना वेगळे बसविण्यास सुरुवात झाली. दोन दशकांत चढलेली शिडी एका निवडणुकीने काढून घेतली. लुईस बॉस्टनला परतले, नावाजलेले फौजदारी वकील म्हणून त्यांनी पुढील आयुष्य काढले, आणि 1 जानेवारी 1949 रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या घटनेतील दुकान

त्याच 1913 सालच्या जुलै महिन्यात बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्क येथे कोलंबिया विद्यापीठात शिकण्यास गेले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा त्यांनी अभ्यास केला होता. 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान पुढारी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, त्यांची आणि अस्पृश्यांची स्थिती सारखी आहे असे कळविले आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे त्यांनी केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या.

आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद 15 पाहा. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांच्या वापरात जात वा धर्म यांवरून कोणालाही अडविता येणार नाही, असे त्यात आहे. 29 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत 'दुकान' या शब्दाविषयी विचारणा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी खुलासा केला की, हा शब्द संकुचित अर्थाने घ्यावयाचा नाही. जो कोणी लोकांना आपली सेवा देऊ करतो तो त्यात येतो. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात 1865 ते 1893 अशी अठ्ठावीस वर्षे जी रिकामी जागा राहिली होती, तशी जागा आपल्या घटनेत राहू नये याची काळजी घेतली गेली. अस्पृश्यता पाळून सेवा नाकारणे हा 1955 च्या कायद्याने गुन्हा आहे. तोच कायदा 1976 पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो.

धर्मांतर केल्यामुळे आपले संरक्षण गेले, अशी भीती काही कुटुंबांना वाटते. ती निराधार आहे. 1990 च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांचा त्या यादीतील हक्क मान्य झालेला आहे, म्हणून 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही त्यांना लागू आहे. त्या कायद्यात विशेष सरकारी वकिलाची तरतूद आहे, आणि पीडिताच्या इच्छेनुसार जिल्हाधिकारी नामवंत वकील नेमू शकतात. हे मागण्यास कोणाची कृपा लागत नाही, लेखी अर्ज लागतो.

आपल्या मुलामुलींनी विधी महाविद्यालयात जावे, सरकारी वकील व्हावे, न्यायाधीश व्हावे, निवडणुका लढवाव्यात, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. राज्याच्या वतीने बोलणारी जीभ आपल्या घरातूनही आली पाहिजे. परंतु पदावर बसविताना त्यांना एवढे बजावून सांगा की, पद मुदतीचे असते आणि देणारा ते परत घेतो. बाबासाहेब देशाचे कायदेमंत्री होते. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा 1951 साली त्यांनी ते पद सोडले. पदापेक्षा मागणी मोठी मानणे म्हणजे काय, हे सांगण्यास आपणांस अमेरिकेत जावे लागत नाही.

आणि त्या शेतमजूर बापाला मी जे उत्तर द्यावयास हवे होते, ते आज आपल्या सर्वांसमक्ष देतो. बाबा, गोष्ट एवढीशी नाही. तुमचा मुलगा तालुक्याला जाऊन केस कापून घेईल, पण त्याच्या मागून येणाऱ्या मुलाचे काय? चला, फिर्याद लिहू. दिनांक लिहू, वेळ लिहू, ते दोघे कोण होते त्यांची नावे लिहू. साक्षीदार कोण ते आजच ठरवू. उद्यावर ठेवू नका. उद्या माणसे विसरतात.

हे उत्तर त्या दिवशी दिले नाही, याची खंत मला आहे. आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आला, तर माझ्या आळसाला माफी देऊ नका. सरळ दारात येऊन उभे राहा.

जयभीम.